सातव्या दालनातली गादी

रविवारी संध्याकाळी सव्वासहाला गुआल्तिएरोचा फोन आला. तो आणि माझी बायको मिरेल्ला एकाच म्युझियममध्ये पहाऱ्याला होते. ती सातव्या दालनात, तो आठव्यात.

"आल्वारो, मिरेल्ला उठत नाहीये," तो म्हणाला.

"मग हलव तिला. सांग, घेवड्याचं सूप गार होतंय."

"हलवलं."

मी गॅस बंद केला.

डॉक्टर म्हणाले, दुपारी बाराच्या सुमारास गेली असावी. खुर्चीत ताठ, डोकं भिंतीला टेकलेलं, हात मांडीवर. त्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रवेश फुकट. बारा ते सहा त्या दालनातून चारेकशे माणसं गेली. एका जोडप्याने तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. एका बाईने अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, की सातव्या दालनातला मेणाचा पुतळा फारच हुबेहूब आहे, मात्र खाली कलाकाराचं नाव नाही. गुआल्तिएरो दोनदा दारातून डोकावून गेला होता.

"मला वाटलं, रुसलीय," तो रडत म्हणाला. "सकाळी मी तिला जाडी म्हणालो होतो ना."

मी खुर्च्या आणि सोफे भरतो. सान फ्रेदियानो भागात माझं दुकान आहे. जन्म फ्लोरेन्सचा, वय अडुसष्ट, आणि तोवर एकाही म्युझियमची पायरी चढलो नव्हतो. आमच्याकडे म्युझियममध्ये पाहुणे जातात. घरचा माणूस त्यांना दारापर्यंत सोडतो आणि समोर कॉफी पीत थांबतो. मिरेल्ला म्हणायची, "पहिल्या रविवारी ये की, फुकट असतं." मी म्हणायचो, "फुकट म्हणजे रांग."

तिच्या लोखंडी खुर्चीसाठी एकोणीस वर्षांपूर्वी मी एक गादी शिवली होती. एका सरदाराचा सोफा नव्याने मढवताना उतरलेलं जुनं किरमिजी कापड होतं, आत घोड्याचे केस भरले. रोज संध्याकाळी मिरेल्ला ती म्युझियममधल्या आपल्या कपाटात ठेवून यायची आणि दर चार दिवसांनी माझ्यामागे लागायची.

"यात काहीतरी टोचतंय."

"तुझी हाडं टोचतात."

"हाडं माझी, गादी तुझी. एकदा उसवून बघ."

"रविवारी बघतो."

असे एकोणीस वर्षांचे रविवार गेले. शेवटच्या शनिवारी तीच म्हणाली, "तुझा रविवार काही येत नाही. आता मीच ती घरी आणते." मी म्हणालो, आण.

दफन झाल्यावर गुरुवारी मी गादी आणायला गेलो. माझ्या हातून तिचं एवढं एकच काम राहिलं होतं. मला पाहून गुआल्तिएरोचा चेहरा पडला.

झालं होतं असं. तिला उचलून नेताना कुणीतरी गादी शेजारच्या लाकडी पेटीवर ठेवली. ती पेटी साडेचारशे वर्षांपूर्वीची, जोगिणींच्या मठातली. दुसऱ्या दिवशी सोमवार, म्युझियम बंद, आणि नेमकी वर्षाची मोजदाद. मोजणारे बाहेरून आलेले. त्यांनी लिहिलं : पेटी, गादीसह.

मी वर फ्रेस्कुच्ची मॅडमच्या खोलीत गेलो. सगळ्या वस्तू त्यांच्या ताब्यात.

"मॅडम, ती माझ्या बायकोच्या बुडाखालची गादी आहे."

"असेल. पण आता तिला नंबर आहे."

"मी शिवलीय ती."

त्यांनी कागद पाहिला. "इथे तर लिहिलंय, कारागीर अज्ञात."

"अज्ञात कसला? हा काय, समोर उभा आहे."

"कापड तीनशे वर्षांपूर्वीचं आहे, आल्वारोजी."

"कापड असेल. मी नाही."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि समजावलं, की नंबर देणं एका सहीचं काम, काढणं तीन सह्यांचं. एक कापडाच्या तज्ज्ञाची, एक क्ष-किरणवाल्यांची, एक त्यांची स्वतःची. पहिल्या दोघांची कार्यालयं दोन वेगळ्या म्युझियममध्ये, तीही शेवटच्या दालनाच्या पलीकडे. मधली सगळी दालनं ओलांडल्याशिवाय तिथे पोचता येत नाही.

असा मी म्युझियम बघायला लागलो. हेलपाट्यांत उन्हाळा गेला. चित्रांतलं मला काही कळत नाही, म्हणून कोण कशावर बसलंय तेवढं बघत गेलो. देवाची आई बहुतेक ठिकाणी गादीवर असते. एका चित्रात तिच्या गादीचे कोपरे इतके सैल भरले होते, की मला तिथल्या तिथे उसवावेसे वाटले. एक संत नुसत्या दगडावर बसला होता. त्याचा चेहराच सांगत होता.

कापडाचे तज्ज्ञ ऐंशीच्या घरातले. म्युझियमने पाठवलेल्या गादीच्या शिवणीवरून त्यांनी बोट फिरवलं.

"वा! असा टाका आता कोण घालतो?"

"मी घालतो."

"नाही हो. आता कुणी घालत नाही," असं म्हणून त्यांनी सही केली. नंतर पाहिलं तर सही 'अस्सल' या शब्दाखाली होती.

क्ष-किरणांच्या खोलीत एका मुलीने काचेवर फोटो लावला. घोड्याचे केस धुक्यासारखे दिसत होते. मधोमध एक वाकडी सुई, चंद्रकोरीसारखी, टोक वर.



ती माझी सुई होती. एकोणीस वर्षांपूर्वी हरवली तेव्हा मी मिरेल्लावर ओरडलो होतो, की झाडताना तूच फेकलीस. दोन दिवस तिच्याशी बोललो नव्हतो. आणि ती त्याच सुईवर बसून होती.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. मग म्हणाल्या, "पण कारागिराची सुई आत राहिलेली अशी गादी आमच्याकडे दुसरी नाही." आठवड्याभरात सुईलाही वेगळा नंबर मिळाला. गादी पेटीवर गेली. पुढे दोरी, खाली पाटी : अज्ञात फ्लोरेन्सकर कारागीर.

आता मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रांगेत उभा राहतो. मिरेल्लाच्या जागी गुआल्तिएरो बसतो, मला बघितलं की खुर्ची सोडतो. गेल्या महिन्यात, आमचं ठरल्याप्रमाणे, कानाशी येऊन म्हणाला, "मी पाच मिनिटं आठव्यात जातो. कात्री आणलीयस ना?"

"आणलीय."

"मग उसव आणि काढ सुई. मी काही पाहिलं नाही."

तो गेला. दालनात तेवढ्यापुरतं कुणी नव्हतं. मी दोरी ओलांडली, गादी हातात घेतली. शिवण कुठून सोडायची ते मला पाठ होतं. पण गादीला मधे खड्डा पडला होता. उजवीकडे जरा जास्त, कारण ती उजवीकडे कलून बसायची. घोड्याच्या केसांचं मला माहीत आहे. एकदा शिवण उसवली, की दाब सुटतो आणि केस फुगून वर येतात. मग तो खड्डा राहत नाही. पुन्हा कितीही कसून भरली, तरी ती नवी गादी होते.

मी गादी पेटीवर ठेवली, खड्डा खुर्चीकडे करून.

गुआल्तिएरो परत आला. "झालं?"

"पुढच्या रविवारी."

"हेच तू तिलाही म्हणायचास," तो म्हणाला.

पुढचा रविवार परवा होऊन गेला. सुई अजून आतच आहे.