हाताने धरलेलं व्होल्टेज

सकाळी सव्वादहाला व्होल्टेजचा काटा नाचायला लागला. एरवी अकरा हजारांवर गप्प बसणारा तो काटा साडेअकराकडे धावायचा, मग साडेदहावर येऊन आपटायचा. वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षात पॅनेलसमोर बसलेली ऑपरेटर अठरा वर्षं हेच काम करत होती.

पाळीप्रमुख धावत आला. "संच बंद करू या."

"बंद केला तर परत चालू व्हायला संध्याकाळ होईल. मशीन ठणठणीत आहे, साहेब. रेग्युलेटरच बावचळलाय. त्याला बाजूला काढते आणि व्होल्टेज हाताने धरते."

"चुकलं म्हणजे?"

"तुम्ही आहात की मागे!"

तिने स्विच फिरवून व्होल्टेज आपोआप सांभाळणारा रेग्युलेटर बाजूला काढला. काटा थरथरत थांबला. आता शहराची मागणी वाढली की मूठ किंचित उजवीकडे, उतरली की डावीकडे. नजर हलवायची सोय नव्हती. पाळीप्रमुखाने, कधी नव्हे तो, पाण्याचा पेला स्वतः आणून तिच्या हाताशी ठेवला. तिने तो उचलला नाही.

टेस्टिंगचा मिस्त्री म्हणजे तिचा धाकटा दीर. तो पॅनेलच्या मागे शिरला, तो दीड वाजता बाहेर आला.

"फ्यूज नीट बसलेला नव्हता. रेग्युलेटरला मध्येच व्होल्टेज कमी दिसायचं, मग तो बिचारा वाढवत सुटायचा."

"कुणी बसवला होता?"

पाळीप्रमुख फोनवर होता. तरी दिराने आवाज खाली आणला. "मीच. सोमवारी. वहिनी, आपोआप सैल झाला असं लिहिलं तर?"

"मी काय केलं तेवढं मी लिहीन, भाऊजी. तुमचं तुम्ही लिहा."

त्याने फ्यूज पक्का बसवला. तिने रेग्युलेटर परत जोडला. काटा जागेवर राहिला. दीर नोंदवहीपुढे बराच वेळ उभा होता. मग त्याने लिहिलं: फ्यूज मी बसवला, ओढून पाहिला नाही.

शिक्षा म्हणून त्याला दोन महिने पंपघरात पाठवलं.

घरी सासूबाईंना बाहेरून कळलं. "घरचंच माणूस उलटलं, मग परक्यांना काय बोलायचं?" त्या सुनेकडे न बघता म्हणाल्या.

सून काही बोलायच्या आत दीर म्हणाला, "आई, वहिनीने नाही लिहिलं. मी लिहिलं."

सासूबाई चार दिवस तोंड फुगवून होत्या. पाचव्या दिवशी मिक्सर बंद पडला. दोन्ही मुलगे घरात होते, पण हाक त्यांनी सुनेलाच मारली.