धोट्याचा डोळा

"लावा तोंड, मास्तर. लाजता काय? सासुरवाडीला आलाव काय?" असं म्हणून अमृतराव खो खो हसले आणि त्यांनी धोटा आनंदराजच्या हातात कोंबला.

आरतीचे कान तापले. आजोबांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! पाहुणा खरोखर त्याच कामासाठी आला होता.

शिसवीचा, दोन्ही टोकांना पितळ बसवलेला तो धोटा एरवी दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात असायचा. धाग्याची कांडी पोटात घेऊन मागावर इकडून तिकडे धावणं, एवढंच त्याचं काम. पण कांडी संपली की नवी भरायची, तिचं टोक आतून बारक्या छिद्रापाशी धरायचं आणि बाहेरून छिद्राला ओठ लावून झुरका मारायचा. मग धागा सुर्रकन बाहेर. विणकर त्या छिद्राला डोळा म्हणत. कुणी पाहुणा आला की अमृतराव कांडी भरून त्याला झुरका मारायला लावत, आणि पाहुण्याला ठसका लागला की पोट धरून हसत.

आनंदराजनं ओठ लावले, ओढलं. ठसका लागला, पण धागा आला. तो खालच्या ओठाला चिकटून लोंबू लागला.

"हाव रे पठ्ठ्या! पहिल्या झटक्यात!" अमृतरावांनी मांडीवर थाप मारली. "पोरी, मास्तर लई कामाचा हाय."

आरती हसली. दिवस चांगला उगवला होता म्हणायचा.

ती आणि आनंदराज नांदेडच्या एकाच कॉलेजात इतिहास शिकवत. तिच्याकडे औद्योगिक क्रांती, त्याच्याकडे फ्रेंच. स्टाफरूममध्ये दोघांची जुंपायची. तो म्हणायचा, माणसाला माणूस केलं ते आमच्या क्रांतीनं. ती म्हणायची, राहू द्या, तुमच्या क्रांतीनं मुंडकी उडवली. माणसं एका रांगेत उभी केली ती आमच्या वाफेनं. भांडता भांडता दोघं कधी एकमेकांत गुंतली, ते शिपायाला आधी कळलं आणि त्यांना मागाहून.

आता प्रश्न घरचा होता. आरतीचं अहमदपूरकडचं, शेतीवाडी असलेलं घराणं, आणि आनंदराज कंधारचा, बौद्ध. वडील आकाशपाताळ एक करणार, आई डोळ्यांना पदर लावणार, हे ठरलेलंच. आशा होती ती आजोबांची, आबांची. आबा संपाचा माणूस! तरुणपणी शेत भावावर टाकून ते गिरणीत विणकर झाले होते. गावाबाहेरची ती छोटी गिरणी कधीच बंद पडली. तिथं आता मंगल कार्यालय आहे. पण आबांनी तिथं घडवून आणलेला संप घरात अजून चालूच होता. सगळे माग कसे एकदम बंद केले, बायकांनी फाटकावर भाकरी कशा पोचवल्या, मालक हात जोडत कसा आला. आरती हे ऐकत वाढली. दर वर्षी वर्गात सांगायची, आणि शेवटी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायची: यंत्राला जात नसते. हे वाक्यही आबांच्याच गोष्टीतलं.

म्हणून तिनं ठरवलं होतं, आधी आबांना गाठायचं. तेही एकदम नाही. "आमच्या कॉलेजातले सर आहेत, कंधारचे," एवढंच तिनं सांगितलं होतं. माणूस आधी आवडू दे, बाकीचं मग.

"आबा," आनंदराजनं ओठाचा धागा बोटानं काढत विचारलं, "तुमच्या संपाची मागणी काय होती?"

आरती दचकली. हे तिनं कधी विचारलंच नव्हतं! घरात कुणीच नाही. देव्हाऱ्यातल्या टाकाला कुणी विचारतं का, तू कशासाठी बसलास?

"मागणी? एकच," अमृतराव सरसावून बसले. "मालकाचा पोरगा विलायतेहून शिकून आला होता. लई शहाणा. म्हनला, यंत्राला जात नसते. अन् सूतखात्यातला एक पोरगा उचलून आमच्या मागावर आणून उभा केला की!"

"मग?"

"मग काय मास्तर! त्यानं सूत काढायला आमची ना नव्हती. तिथं तोंड कुठं लावायचं असतंय? पण विणकाम म्हंजी हे." त्यांनी धोट्याकडं बोट दाखवलं. "पाळी बदलली की त्याच धोट्याला आमी तोंड लावायचं? गावकुसाबाहेरच्या पोराचं उष्टं? समदे माग बंद केले. मालक आला हात जोडत."

ते हसले. अगदी मोकळे, नेहमीचे. लपवावं असं त्यात काही आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आरतीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, आत्ता आबा म्हणतील, चेष्टा केली गं. आबा काही म्हणेनात. दर वर्षी साठ-सत्तर पोरांपुढं आपण छाती फुगवून काय सांगत आलो? आणि फळ्यावर कुणाचं वाक्य लिहीत आलो?

"तो पोरगा वाईट होता का कामाला?" आनंदराजचा आवाज सपाट होता.

"छ्या! हात असला चपळ, बघत राहावं. मागनं त्याच्या हातात झाडू दिला. तसा गरीब होता बिचारा."

"नाव काय त्याचं?"

"नाव..." अमृतरावांनी कपाळ चोळलं. "नाव कोण ध्यानात ठेवतंय, मास्तर?"

आनंदराजनं धोटा हळूच टीपॉयवर ठेवला. आरतीची आई, सुकन्या, चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तिथंच थबकली. लेकीचा चेहरा पाहून तिला काहीतरी उमगलं असावं.

"आबा," आरती म्हणाली. "हे बौद्ध आहेत. आणि आम्हाला लग्न करायचंय."

ट्रेमधल्या कपबश्या वाजल्या. अमृतराव आधी आनंदराजकडं, मग धोट्याकडं, मग पुन्हा आनंदराजकडं बघत राहिले. चेहऱ्यावरचं हसू जायचं विसरून तसंच राहिलं होतं.

"आधी सांगायचं व्हतं की पोरी," ते म्हणाले. "मी काय काय बोलून बसलो!" त्यांनी आनंदराजपुढं हात जोडले. "मास्तर, तो काळच तसला होता. मनावर घेऊ नका. पोरगं सालस हाय, शिकलेलं हाय. करा लगीन. हिच्या बापाला मी सांगतो. बघू कोण आडवं येतंय ते."

आईनं ट्रे खाली ठेवला आणि मटकन बसली. आरतीला रडू फुटायला हवं होतं, हसू फुटायला हवं होतं. यासाठी तर महिनोन्महिने तिचा जीव टांगणीला लागला होता. पण तिचे डोळे धोट्यावरून हटेनात.

तिनं तो उचलला. धागा आत सारला, टोक डोळ्यापाशी धरलं आणि जिथं आनंदराजचे ओठ लागले होते तिथंच ओठ लावून ओढलं. धागा आला. तिनं तो परत आत सारला आणि धोटा आजोबांपुढं धरला.

"आता तुम्ही, आबा."

"आरती, राहू दे," आनंदराज म्हणाला.

अमृतरावांनी धोटा घेतला. बोटांना सवय होती. त्यांनी न बघता टोक शोधलं, डोळ्यापाशी आणलं. धोटा वर गेला, मिशीपर्यंत गेला. तिथं थांबला. हत्ती गेला होता, शेपूट अडकलं होतं.

"लगीन कर म्हणतोय ना मी," ते काकुळतीला येऊन म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं. "न्हाई कुठं म्हणतोय? हे फक्त... जरा धुऊन आण, पोरी."

आई उठली. सासऱ्याच्या हातातलं काही घ्यायला ती जशी रोज पदर सावरून पुढं व्हायची, तशीच झाली.

"द्या मामंजी, मी आणते विसळून."

तिच्या आधी आरतीनं धोटा घेतला. तो हातात घट्ट धरून ती आनंदराजच्या शेजारी जाऊन बसली, आणि चहावर साय धरेपर्यंत तिनं तो कुणाला दिला नाही.