पाणी न पिणारे फडके

मित्रांनो, नाक मुरडायचे असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे मध्येच थांबावे लागणार नाही. मी एक जुने फडके आहे. स्वयंपाकघरातले नव्हे, टेबल पुसायचेही नव्हे. संडासातल्या फळीवर वेताच्या टोपलीत घडी करून ठेवलेले, पाण्याने धुऊन झाल्यावर अंग टिपायचे फडके. कागदाची गुंडाळी जे काम करते तेच मी करते. फरक एवढाच की कागद जातो आणि मी परत येते. यात लाजण्यासारखे काय आहे, ते मला अजून उमगलेले नाही. हात पुसायचा नॅपकिन पाहुण्यांपुढे मिरवतो, आणि माझा विषय निघाला की माणसे आवाज खाली आणतात.

फडके होण्याआधी मी चादर होते. फिकट पिवळी, फलालिनीची, दोन्ही अंगांना लव असलेली. आबांच्या बायकोने मला घेतले. आबा म्हणजे या घरातले वडील माणूस. उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांची बायको मला साबणाच्या एका वडीने धुवायची आणि शेवटचे पाणी नितळ निघेपर्यंत खळबळायची. मग दोरीवर टाकायची आणि ऊन फिरेल तशी मला फिरवायची. कपड्याला वास यायचा तो उन्हाचाच. ती वारली, मी मधोमध विरले आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात जाऊन पडले. तिथे मी किती वर्षे होते ते मला सांगता येणार नाही. अंधारात वर्षे मोजता येत नाहीत.

मला बाहेर काढले ते आबांच्या सुनेने. ती घरीच शिवणकाम करते, म्हणून मी तिला शिंपीणबाई म्हणते. आबांच्या पोटाचे ऑपरेशन झाले होते. त्यानंतर त्यांना दिवसातून आठ-दहा वेळा संडासला जावे लागे. हातातल्या फवाऱ्याने धुवायचे आणि कागदाने टिपायचे. पण ओला कागद म्हणजे काय? त्याचा लगदा होतो, गोळ्या होतात, आणि गोळ्या निघाव्यात म्हणून माणूस आणखी घासतो. आबांची कातडी सोलवटली. त्यांनी कुणाला सांगितले नाही. त्यांनी एक उपाय काढला. कमी जायचे तर कमी खायचे. ताटातले निम्मे ते ताटातच ठेवू लागले.

एके दिवशी त्यांनी पँट सुनेपुढे ठेवली. "कंबर दोन बोटं आत घे."

"मागच्याच महिन्यात घेतली होती की, आबा."

"मग परत घे. शिंपिणीच्या घरात राहून पँट धरून चालू का?"

पँट उलटी केली तेव्हा तिला शिवणीपाशी रक्ताचे बारीक डाग दिसले. संडासातली गुंडाळी दोन दिवसांत कशी संपते, हेही तिला तेव्हा कळले. तिने कपाट उघडले, मला बाहेर काढले आणि माझ्या मधला विरलेला भाग टाकून बाकीच्याचे छत्तीस चौकोन कापले. काठ दुमडून शिवला नाही. दुमड टोचली असती. धागे सुटू नयेत म्हणून कडेला नुसती निळ्या दोऱ्याची ओव्हरलॉक शिलाई मारली, आणि सगळे चौकोन टोपलीत ठेवले. खाली झाकणाची बादली ठेवली, तिच्यात सोड्याचे पाणी.

आबा टोपलीकडे बघत राहिले. "माझ्यापायी एवढी चादर फाडलीस?"

"ती फाटलेलीच होती. तुम्ही निमित्त झालात."

"आणि हे धुणार कोण?"

"ते मी बघते. तुम्ही फक्त झाकण लावत जा."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस. मला घासायचे नसते, नुसते टेकवायचे असते. टेकवले की मी पाणी ओढून घेते. पंधरा दिवसांत आबांची कातडी भरून आली. ते पुन्हा पोटभर जेवू लागले. शिंपीणबाईने कंबरेची शिवण उसवून पूर्वीच्या जागी आणली, आणि त्या दिवशी ती मशीनवर गुणगुणत होती. आबांची लेक, म्हणजे या घरातली आत्या, भेटायला आली तेव्हा मात्र टोपलीपाशी पदर नाकाला लावून उभी राहिली.

"अगं, लोक पुढे चाललेत आणि तुम्ही मागे. वापरलं, टाकलं, मोकळं झालं, ते सोडून ही कसली फडकी धूत बसतेस?"

"ताई, आबांना बरं वाटतंय."

"त्यांना काय, त्यांना सगळंच बरं वाटतं."

आत्या तोंडाची फटकळ, पण हे वाक्य तिने अगदी खरे बोलून ठेवले होते. दुर्दैवाने त्याकडे कुणी लक्ष दिले नाही, खुद्द तिनेही नाही.

मग शिंपीणबाईकडे गणवेशांचे मोठे काम आले आणि आमचे धुणे तिच्या नवऱ्याने अंगावर घेतले. तो बस चालवतो, म्हणून माझ्या लेखी तो बसवाला. मनाने लोण्याचा गोळा. वडिलांची सेवा आपल्या हातून काहीच होत नाही याची त्याला खंत होती. सुटीच्या दिवशी तो बाह्या सरसावून धुवायला बसे. आणि एका सुटीला त्याने दुकानातून एक निळी बाटली आणली. कपडे मऊ करणारे, फुलांच्या वासाचे ते पातळ औषध. शेवटच्या पाण्यात एक झाकण टाकायचे, असे बाटलीवर लिहिले होते. त्याने दोन टाकली. वडिलांसाठी हात आखडता का घ्यायचा?

पहिल्यांदा मलाही बरे वाटले. खोटे कशाला बोलू? माझी लव मऊशार झाली, वास दरवळला. पण तिसऱ्या-चौथ्या धुण्यानंतर मला कळले की माझ्या धाग्याधाग्यावर बुळबुळीत थर बसला आहे. आबा मला अंगाला टेकवत आणि पाणी माझ्यावरून घसरून जाई. मी ओढायला बघे, पण ओढता येईना. तहान लागलेल्या माणसाचे तोंड कुणी मेणाने बंद करावे तसे माझे झाले. आबा दुसरे फडके घेत, तिसरे घेत. सगळ्यांची तीच गत. शेवटी ते घासू लागत, आणि ओले अंग तसेच ठेवून कपडे चढवत.

आणि घरात काय चालले होते? कौतुक. बसवाला दोरीवरून आम्हाला काढताना नाकाशी धरी आणि बायकोला हाक मारी. "बघ, बघ, कसा वास येतोय. बागेत गेल्यासारखं वाटतं."

"छानच येतोय," ती गणवेशावरून मान न उचलता म्हणे.

"आबा, आता जास्त मऊ लागतात ना?"

"छान लागतात रे," आबा म्हणत.

त्या 'छान'चा मला किती संताप येई, काय सांगू! मी फडके. मला बोलायला तोंड नाही. पण आबांना चांगले धडधाकट तोंड होते. लिफ्ट अडकली तर मालकाला चार माणसांत सुनावणारा हा माणूस. आणि घरात? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कातडी पुन्हा फुटली. ताटात पुन्हा निम्मे राहू लागले. बसवाल्याला वाटले, वडील सुकत चाललेत, आपण आणखी काळजी घेतली पाहिजे. म्हणून त्याने तीन झाकणे टाकायला सुरुवात केली. अति तिथे माती म्हणतात, ती अशी.

डॉक्टरीणबाईंनी आबांना वजनकाट्यावर उभे केले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "भूक लागत नाही का?" त्यांनी विचारले. आबा म्हणाले, "वय झालं." बाईंनी लिहून दिले की महिनाभरात वजन आणखी उतरले तर आत काहीतरी राहिले असणार, पोट पुन्हा उघडून बघावे लागेल. हे सारे मला कळले ते बसवाल्याने संडासाच्या दाराबाहेर उभे राहून बहिणीला फोनवर सांगितले तेव्हा.

दुसऱ्याच दिवशी आत्या येऊन थडकली. तिने वडिलांना एकटे गाठले, दरडावले, आणि जखम बघितली. मग ती बाहेर येऊन शिंपीणबाईपुढे उभी राहिली.

"फडक्यांनी अंग कुजवलंस त्यांचं. मी सांगत होते तेव्हा ऐकलं नाहीस."

"ताई, मी…"

"तू काही बोलू नकोस. हौस तुझी झाली, भोगतायत ते."

चोर सोडून संन्याशाला फाशी. आत्याने टोपलीतली फडकी मूठमूठ उचलून कचऱ्याच्या पिशवीत कोंबली. माझी अठरा भावंडे त्या पिशवीत गेली आणि पिशवी तिच्याबरोबर जिना उतरली. फळीवर कागदाच्या गुंडाळ्या येऊन बसल्या. बाकीचे आम्ही अठरा दोरीवर होतो म्हणून वाचलो. शिंपीणबाई तेव्हा रडली नाही. तिने आम्हाला दोरीवरून काढले आणि मशीनचे तेल पुसायला म्हणून शिवणाच्या टेबलाखाली टाकले. तिलाही वाटत होते की दोष आपला. ते बघून मला माझ्या अपमानापेक्षा जास्त वाईट वाटले. मी धुण्याने आंधळी झाले नव्हते, मी सगळे बघत होते. पण सांगणार कसे?

दोन दिवसांनी आबांची तीच पँट पुन्हा टेबलावर आली. कंबर पुन्हा आत घ्यायची होती. इस्त्रीआधी पाणी शिंपडताना शिंपीणबाईच्या हातून वाटी कलंडली. तिने खाली हात घातला आणि मलाच उचलले. मला पाण्यावर फिरवले. पाणी माझ्यापुढे पळाले, टेबलाच्या कडेवरून तिच्या मांडीवर सांडले, आणि मी कोरडीच्या कोरडी.

ती थांबली. मला उजेडात धरले. मग बोट बुडवून तिने माझ्यावर एक थेंब ठेवला. तो मण्यासारखा उभा राहिला.

मित्रांनो, दुसऱ्या कुणी मला तेव्हा फेकून दिले असते. पण ही शिंपीण होती. दुकानातून आलेल्या नव्या कापडाला खळ असते आणि खळ असेपर्यंत कापड पाणी पीत नाही, म्हणून ते भिजवल्याशिवाय कात्री लावायची नाही, हे तिच्या हाडात मुरलेले. ती स्वतःशीच म्हणाली, "वीस वर्षांच्या चादरीला खळ कुठून आली?"

चिंध्यांच्या पिशवीत मला कापताना उरलेला माझा एक तुकडा होता. तिने तो शोधून काढला आणि त्याच्यावरही थेंब ठेवला. टेकवल्याबरोबर थेंब नाहीसा झाला. मग तिने मला नाकाशी धरले आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, फडकी धुताना काय टाकायचात?"

"साबण."

"आणखी?"

"ते… निळं."

"किती?"

"दोन झाकणं. आबा खाईनासे झाले तेव्हापासून तीन."

"कशाला?"

"मऊ लागावं म्हणून. दुसरं काय करता येतं मला त्यांच्यासाठी?"

तिने त्याच्यापुढे मला धरले आणि थेंब सोडला. तो गोल फिरून जमिनीवर पडला. "मेणकापड केलंत तुम्ही याचं," ती म्हणाली. बसवाला खाली पडलेल्या थेंबाकडे बघत राहिला. एवढा मोठा बाप्या, पण त्याचा चेहरा शाळेत पाटी फुटलेल्या पोरासारखा झाला होता.

आबा दारात येऊन उभे होते. सून त्यांच्याकडे वळली.

"आबा, पाणी टिपलं जात नाही हे तुम्हाला कळत नव्हतं?"

"कळत होतं."

"मग?"

"तू एवढं बसून शिवलंस. तो दमून येऊन धुतो. कुणाच्या तोंडावर काय सांगू?"

"म्हणून उपाशी राहिलात? त्या डॉक्टरीणबाई पोट फाडायला निघाल्यात, आबा." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझ्या शिलाईची गिऱ्हाइकं रोज मापं काढतात. बाही तोकडी, गळा मोठा, काय काय ऐकते मी. उसवते आणि परत शिवते. तुम्हीच एवढे परके का?"

संध्याकाळी आबांनी आपणहून डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि भूक लागते, आपणच खात नव्हतो, हे सांगून टाकले. बाईंनी जखमेला मलम दिले आणि त्यांची चांगली खरडपट्टी काढली. ती फोनमधून मलाही ऐकू आली.

आम्हा अठरा जणांना मोठ्या पातेल्यात सोड्याच्या पाण्यात तीनदा उकळले. पहिले पाणी दुधासारखे गढूळ आणि बुळबुळीत निघाले. त्यात सगळी फुलांची बाग होती. पातेल्यापाशी बसवाला स्वतः उभा राहिला. तिसऱ्या पाण्यानंतर त्याने माझ्यावर थेंब सोडला. मी तो घटकन पिऊन टाकला.

आबा आता भरून येत आहेत. महिन्याने वजनाचा काटा वर सरकला आणि पोट उघडण्याची गोष्ट मागे पडली. आत्याला सारे कळवले. ती एवढेच म्हणाली, "मग मला आधी सांगायचं ना." गेलेली अठरा भावंडे काही परत आली नाहीत. माझा राग पुरता गेलेला नाही आणि जाणारही नाही. चौघे जण एकमेकांवर जीव टाकणारे, आणि त्या मायेपायी एक माणूस आपल्याच घरात उपाशी राहिला.

म्हणून सांगते, मित्रांनो. फडके नीट काम करत नसेल तर ते फेकण्याआधी आपण त्याच्यावर काय ओतले ते बघा. आणि दुखत असेल तर छान म्हणू नका. तुमच्यासाठी राबणाऱ्याला तुमचे दुखणे कळले तर त्याचे मन मोडत नाही. कळले नाही तर त्याचे हात चुकत राहतात.

कालचीच गोष्ट. बसवाल्याने जेवताना बिचकत विचारले, "आबा, आता कशी आहेत फडकी?"

आबांनी घास गिळला. "टिपतात चांगली," ते म्हणाले. "पण उकळून काठ ताठ झालाय. टोचतो."

शिंपीणबाई ताटावरून तशीच उठली, हात धुऊन आली, आणि तिने टाके काढायची उसवणी हातात घेतली. आबांनी ताट पुढे केले आणि मुलाला म्हणाले, "ती येईपर्यंत मला आणखी वाढ."