फ्यूजच्या जागी पिन

सासऱ्यांच्या जळालेल्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि मेकॅनिक जावयानं कपाळावर हात मारला. वायरिंगचा पार कोळसा! दुसऱ्या गिऱ्हाईकाला त्यानं फाडून खाल्लं असतं. सासऱ्यांपुढे मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दात-ओठ खात त्यानं सगळ्या वायरी नव्या टाकल्या. शेवटी स्टिअरिंगखालचा फ्यूजबॉक्स उघडला, तर फ्यूजच्या जागी सासूबाईंची केसांची पिन!

"अहो मामा, वायरी जळू नयेत म्हणून तर फ्यूज उडतो!"

"सारखाच उडायचा लेकाचा! ही पिन उडाली का एकदा तरी?" सासऱ्यांनी पिन कौतुकानं शर्टाला पुसली. "एवढी गाडी जळाली, पण हिला काही झालं नाही. घ्या जावईबापू, बसवा परत."