तीस हजार एकतीस मणी

अरे, मामाच्या त्या रिळाचं काय झालं ते ऐका तरी! तुम्हाला माहितेय ना, मामा मण्यांची चित्रं विणायचा? आधी अख्ख्या चित्राचे मणी एकाच लांब दोऱ्यात ओवायचा, मग मागावर त्याच्या मागे-पुढे, मागे-पुढे ओळी घालायचा. तो गेला तेव्हा ओवून झालं होतं, विणायचं राहिलं होतं. बहुतेक काळेच मणी, मध्येच लाल, पिवळे. रिळाच्या झाकणावर नुसतं ३००३१. चित्र कसलं, कुणालाच ठाऊक नाही.

आता दुकान मामी बघते. तिची काळ्या मण्यांची ऑर्डर अडलेली, म्हणून ती कात्री घेऊनच बसली. कच्चकन गाठ कापली आणि टोकाचे पिवळे मणी वाटीत सोडायला लागली!

"मामी, थांब ना! एका ओळीत किती मणी ते कळलं तर चित्र दिसेल. एकूण मण्यांना त्या आकड्याने पूर्ण भाग जायला हवा, बस्स!"

दादा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, यांचा गुणाकार तीस हजार तीस. तुझा आकडा एकाने जास्त. कशानेही भाग, एक उरणारच. अविभाज्य आहे तो. चित्रबित्र काही नाही, माळ आहे ती."

"ऐकलंस?" मामी म्हणाली. "सोड आता."

"तेरापाशी आकडे संपतात का रे दादा?"

"बस मग भागत!"

बसले! सतरा, नऊ उरले. एकोणीस, तेवीस, नाही. इकडे वाटीत टपटप मणी पडतायत. त्रेपन्न, तेहेतीस उरले. एकोणसाठ...

"शून्य! मामी, हात काढ! एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ!"

दादाने मोबाइल ठेवला. स्वतः भागून बघितलं. "आयला! आणि हे दोन्ही अविभाज्य. म्हणजे ओळ एकोणसाठची, नाहीतर पाचशे नऊची. तिसरी शक्यताच नाही."

"ह्यांचा माग वीतभर तर रुंद," मामी हळूच म्हणाली. "पाचशे मावायचे कुठे?"

मग तिनेच वाटीतले मणी परत ओवले. एकही हरवून चालणार नव्हतं ना! काउंटरवर टाचण्यांच्या दोन रांगा ठोकल्या आणि दर एकोणसाठ मण्यांना दोरा वळवत गेलो. आधी नुसतं पिवळं. मग खालून एक लाल टोक निघालं, त्याची रिबीन झाली. तिच्यावर काळा पीळ, त्यावर पीळ, त्यावर पीळ...

"अगं, वेणी आहे ही!" दादा ओरडला.

मामीने पाठीवरची वेणी पुढे घेतली. तीच लांबी, तीच लाल रिबीन.

"चेहरा काही जमायचा नाही ह्यांना," ती म्हणाली. "म्हणून पाठ काढली, लबाड कुठले."

मग तिने कात्री गल्ल्यात टाकली. "दादूस, बाजारात जा. काळे मणी आण, ऑर्डरीपुरते. आणि येताना दोरा आण, विणायचा."