तो ओरखडा माझा

मी दरवाजा बोलतोय. रस्त्याकडचा मुख्य दरवाजा नव्हे. त्याला घंटी आहे, पाटी आहे, तो कशाला बोलेल? मी आतल्या खोलीचा. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात, दोन्ही खोल्यांच्या मध्ये उभा. आजवर गप्पच होतो. पण गेल्या आठवड्यात माझ्यासमोर जे घडलं, ते पोटात ठेवणं मला जमत नाहीये.

माझा जन्म घाईत झाला. सुतारानं ओल्या लाकडातून मला कापलं, रंग फासला, तीन बिजागऱ्यांवर टांगलं आणि तो मोकळा झाला. ओलं लाकूड ते, वाळताना वाकलं. मी एका बाजूनं झुकलो आणि माझा खालचा कोपरा फरशीला घासू लागला. उघडताना खर्र, लावताना खर्र. फरशीवर रेघ उमटली.

तेव्हा घरमालक स्वतःच इथे राहायचे. काटेकोर माणूस, पण खाली बघून कोण चालतं? पुढे त्यांनी मोठं घर घेतलं आणि हे भाड्यानं दिलं. पहिल्या दोन भाडेकरूंनी मला असं दणादण उघडलं की त्या रेघेचा चांगला बोटभर रुंद ओरखडा झाला. मला लाज वाटायची. पण दरवाज्यानं लाजून जायचं कुठे?

मग ताई आल्या. शिवणकाम करणाऱ्या. सोबत त्यांच्या सासूबाई. ताईंचा नवरा, म्हणजे सासूबाईंचा मुलगा, वारला होता आणि या दोघी एकमेकींना धरून राहिल्या होत्या. शिलाई मशीन माझ्याच खोलीत आलं आणि माझे डोळे उघडले. सपाट कापडातून माणसाचा खांदा कसा उभा राहतो, हे मी सात वर्षं रोज पाहिलं. अजूनही मला ते उमगलेलं नाही.

त्यातही घेर कापायचा दिवस म्हणजे माझ्यासाठी पर्वणी. झग्याचं कापड जमिनीवर पसरायचं. दोऱ्याचं एक टोक सासूबाईंनी अंगठ्याखाली दाबून धरायचं, दुसऱ्या टोकाला ताईंनी खडू बांधायचा आणि दोरा ताणून खडू फिरवायचा. एका दमात गोल रेघ! सासूबाईंच्या अंगठ्याला त्या दोघी 'खुंटा' म्हणत.

"आई, खुंटा हलू देऊ नका हं."

"सत्तरी उलटलेला खुंटा आहे बाई, आता कुठे पळतोय?"

एकदा हवा फार दमट झाली आणि मी फुगून चौकटीत घट्ट बसलो. सासूबाई आत, ताई बाजारात. दोन तास त्या माऊलीनं मला धक्के मारले, विनवलं, शेवटी ठेवणीतल्या शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या, माझ्याच होत्या त्या. दुसऱ्या दिवशी ताईंनी सुताराला बोलावलं. त्यानं मला उतरवून रंधा मारला, खालून बोटभर तासलं, बिजागऱ्या नव्यानं बसवल्या. मी परत उभा राहिलो तो वाऱ्यासारखा फिरू लागलो. घासणं संपलं, आवाज संपला. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी दुरुस्त करण्याच्या लायकीचं समजलं होतं.

"मालकांना कळवायला हवं का?" ताईंनी विचारलं.

"एवढ्याशा कामासाठी त्यांना कशाला त्रास? आपणच देऊन टाकू पैसे," सासूबाई म्हणाल्या.

भल्या माणसांनाच सुचणारी चूक ही. दुरुस्ती केली आणि कुणाला सांगितली नाही.

गेल्या आठवड्यात त्या घर सोडायला निघाल्या. सासूबाईंचे गुडघे जिना मानेनात. तळमजल्यावरची एक खोली मिळाली होती, पुढे छोटं दुकानही काढता येईल अशी. पण तिथली अनामत दुपारपर्यंत भरायची होती, नाहीतर खोली दुसऱ्याला जाणार. आणि ताईंकडे पैसा होता तो एवढाच, या घराच्या अनामतीत अडकलेला. सामान खाली टेम्पोत चढलं होतं.

घरमालक कागद घेऊन आले. नळ पाहिले, दिवे लावून पाहिले, भिंतींवरून हात फिरवला. सगळं ठीक. अनामतीचं पाकीट खिशातून निघालं आणि तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली.

"हे काय?"

फरशीवर माझा ओरखडा.

"मशीन ओढलंत ना इथून? लोखंडी पाय त्याचे! अशी फरशी आता मिळत नाही. सगळी खोली उखडावी लागणार." त्यांनी पाकिटातली निम्मी रक्कम काढून खिशात ठेवली.

"काका, तो आम्ही यायच्या आधीपासून आहे. दरवाजा घासायचा तिथे," ताई म्हणाल्या.

"कोणता, हा?" त्यांनी वाकून माझ्या खालून चार बोटं आरपार घातली. "हा टेकतो तरी का कुठे?"

माझा जीव कासावीस झाला. ओरखडा माझा, आणि भरपाई त्या देणार. वर ज्या रंध्यानं त्यांनी मला सुख दिलं, त्यानंच पुरावा तासून नेला होता. ओरडावंसं वाटलं. पण मला तर त्यांनी कुरकुरण्यापुरताही आवाज ठेवला नव्हता!

ताईंचा चेहरा उतरला. त्या ओरखड्याकडे बघत राहिल्या. बघता बघता त्यांचे डोळे बारीक झाले, घेर बघताना व्हायचे तसे.

"आई, बसता का जरा? इथे, बिजागरीपाशी."

सासूबाई गुडघे सावरत बसल्या. ताईंनी पर्समधून दोरा काढला, खडू काढला. दोऱ्याचं टोक बिजागरीच्या बरोबर खाली, सासूबाईंच्या अंगठ्याखाली. दुसरं टोक माझ्या कोपऱ्याएवढं लांब, त्याला खडू.

"खुंटा हलू देऊ नका."

खडू फिरला. मी श्वास रोखून बघत होतो, दरवाज्याला श्वास असतो तेवढा. पांढरी रेघ ओरखड्याच्या या टोकाला शिरली आणि त्या टोकाला बाहेर आली. मधे केसभरसुद्धा कुठे सरकली नाही. जी माझी खोड म्हणून मी लपवत आलो, तो नेमका, सुरेख घेर होता! बाईमाणसाच्या हातात चार वीत दोरा असला तर काय काय दिसू शकतं, या विचारानं मी थक्क झालो.

"मशीन ओढलं तर वेडंवाकडं जाईल, काका. बिजागरीभोवती असं गोल कसं जाईल?"

घरमालक चांगलेच गोंधळले. पण इतक्या सहज हार मानणारे ते नव्हेत.

"अहो, पण बघा ना किती मोकळा फिरतोय हा!" असं म्हणत त्यांनी माझी मूठ धरली, मला वर उचललं आणि मग ढकललं.

सासूबाईंनी मान वर केली.

"भाऊ, उचललात कशाला?" सासूबाईंनी खालूनच विचारलं.

"अं? सवय."

"कसली सवय? आम्ही तर कधी उचलत नाही."

घरमालकांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. कितीतरी वर्षांपूर्वी, इथे राहताना, मी घासू नये म्हणून रोज त्यांनी मला तसंच उचललं होतं. डोकं विसरलं होतं, हाताला आठवत होतं. मोठं नवल आहे माणूस म्हणजे!

ते हसले. आधी ओशाळून, मग खरंखुरं. खिशातली रक्कम त्यांनी पाकिटात परत घातली आणि पाकीट दोन्ही हातांनी ताईंना दिलं. "तासून कोणी घेतला? तुम्ही? मग सांगायचं नाही का मला?" असं रागावलेही. मग सासूबाईंना हात देऊन उठवलं आणि जिना उतरेपर्यंत तो सोडला नाही.

आता घर रिकामं आहे. ताईंची आठवण येते. खडूची रेघ अजून कुणी पुसलेली नाही. तुम्ही कुणी भाड्यानं राहत असाल किंवा घर देत असाल, तर एवढंच मागणं: पहिल्या दिवशी दोघांनी मिळून एकदा खाली वाकून बघा. आम्हाला बोलता येत नाही हो.

काल घरमालक नव्या भाडेकरूसाठी यादी करायला आले होते. दिवे किती, नळ किती, लिहून झालं. मग ते माझ्यापाशी आले, कागद माझ्याच अंगावर टेकवला आणि लिहिलं: 'फरशीवर गोल ओरखडा. जुना. दरवाज्याने केलेला.' पेनाचा एकेक शब्द मला अंगावर कळला. इतकं हलकं मला रंधा मारल्यावरही वाटलं नव्हतं.