न ओवाळलेला भाकरतुकडा

त्या शनिवारी संध्याकाळी दुबईच्या करामा भागातल्या पोंक्ष्यांच्या फ्लॅटमध्ये भाकरतुकडा ओवाळायची तयारी चालली होती, आणि ज्यांच्यावरून तो ओवाळायचा ती माणसं अजून आकाशात होती. हे डोकं अर्थातच मुग्धाचं. बारा वर्षांची ही पोर सोळा दिवस कोलंबिया यानाने झपाटली होती. कॅलेंडरवर सोळा जानेवारीपासून रोज एक चौकोन रंगवायचा, शाळेत जाताना कल्पना चावलाच्या फोटोला टाटा करायचा, आणि बापाला जेवताना प्रश्न विचारून भंडावून सोडायचं.

"आपण सुट्टीत गेलो की आजी दारातच थांबवते ना? They are also coming home, आई."

"अगं, टीव्हीवरून काय ओवाळायचं? लोक हसतील," असं म्हणत शोभनाने ज्वारीची एक भाकरी थापलीच. तिचं हे नेहमीचंच. तोंडाने नाही म्हणायचं आणि हाताने करून टाकायचं.

सूर्यकांत सोफ्यावर बसून हे सगळं कौतुकाने बघत होता. सहा वाजले. बाहेर मगरिबची अजान झाली. यान सव्वासहाला उतरायचं होतं. एका हातात भाकरीचा तुकडा आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन शोभना टीव्हीपुढे उभी राहिली. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. पडद्यावर कुणीतरी यानाला हाका मारत होतं आणि उत्तर येत नव्हतं. मग निळ्या आकाशात पांढऱ्या रेघा दिसल्या. एक नाही, बऱ्याच.

"Why so many lines, Baba?" मुग्धाने विचारलं. सूर्यकांतला उत्तर माहीत होतं. तिला ते टीव्हीनेच सांगितलं. मग ती जी रडली, ती जेवणाची ताटं मांडेपर्यंत रडतच होती.

शोभना तुकडा घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यापाशी नुसती उभी राहिली. ओवाळलेला तुकडा बाहेर टाकायचा असतो. न ओवाळलेल्याचं काय करायचं, हे तिला सासूने कधी सांगितलं नव्हतं. टाकवेना आणि कुणाला खायलाही देववेना. शेवटी तिने तो एका वाटीखाली झाकून ठेवला.

जेवताना बातम्या चालूच होत्या. उड्डाणाच्या वेळी इंधनाच्या टाकीवरच्या फोमच्या आवरणाचा एक तुकडा निसटून डाव्या पंखावर आपटला होता. दुसऱ्या दिवशी फिल्म बघताना तो तिथल्या लोकांना दिसलाही होता. त्यांनी अभ्यास केला आणि धोका नाही असं ठरवलं. यान त्यामुळेच पडलं की आणखी कशाने, ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

मुग्धाने डोळे पुसले. "They knew? Sixteen days they knew?"

"तसं नाही गं. त्यांना वाटलं, काही होणार नाही."

"But why?"

"आधीही असं आपटलं होतं. तेव्हा काही झालं नव्हतं, म्हणून."

हे बोलला आणि सूर्यकांतचा घास तोंडातच राहिला. हे वाक्य त्याने दोन आठवड्यांपूर्वी जसंच्या तसं स्वतःलाच ऐकवलं होतं.

सूर्यकांत जबल अली बंदरापाशी, मोठाल्या टाक्या बांधायच्या एका यार्डात तपासनीस होता. क्रेनला लागणारे तारेचे दोर, साखळ्या, आकडे, सगळं दर तीन महिन्यांनी बारकाईने बघायचं, आणि जे धड असेल त्याला त्या तिमाहीचा रंग द्यायचा. जानेवारी ते मार्च हिरवा. हिरवा पट्टा दिसला की कामगार डोळे मिटून दोर उचलतो. म्हणजे आधी तपासणी, मग रंग. पण यार्डात कधी कुणाला वेळ असतो? हळूहळू गाडं उलटं झालं होतं. फोरमन युसुफ नव्या तिमाहीच्या पहिल्याच आठवड्यात डबा घेऊन शहाऐंशीच्या शहाऐंशी दोरांना रंग फासून टाकायचा, आणि सूर्यकांत जमेल तसा एकेक बघत मागून सह्या करायचा. गेली तीन वर्षं हेच चाललं होतं आणि कुणाचं नखही दुखावलं नव्हतं. या जानेवारीत तर त्याने सह्या आधीच करून टाकल्या होत्या, दोर मागून बघू म्हणून.

सोळा जानेवारीला, गुरुवारी दुपारी, तो माणसं वर नेणाऱ्या पिंजऱ्याजवळून चालला होता. त्या पिंजऱ्याला यार्डात सगळे बास्केट म्हणत. चार माणसं त्यात उभी राहतात आणि क्रेन त्यांना सहा मजली टाकीच्या माथ्यावर वेल्डिंगला पोचवते. बास्केटच्या दोराला वरच्या वळणाशी, हिरव्या रंगाखालून चार तुटलेल्या तारांची टोकं वर आली होती. माणसं न्यायच्या दोराला तिथे एकही तुटकी तार चालत नाही. सूर्यकांतने त्यावरून बोट फिरवलं. दोर उतरवायचा, तर या हिरव्याखाली आपण पाहिलंच नव्हतं हे कबूल करायला लागणार. एका सहीचं पितळ उघडं पडलं की बाकीच्या पंच्याऐंशींचंही पडणार. आधीही अशा तारा तुटल्यात, काही झालं नाही, बघू पुढच्या आठवड्यात, असं म्हणून तो घरी आला आणि संध्याकाळी लेकीच्या शेजारी बसून त्याने यान उडताना पाहिलं. टाळ्यासुद्धा वाजवल्या.

रविवारी पहाटे तो उठला तेव्हा ओट्यावर ती वाटी तशीच होती. काय वाटलं कोण जाणे, त्याने तुकडा कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात टाकला. कंपनीच्या बसमधूनच त्याने वसंतराव घाटग्यांना फोन लावला. कंपनी त्यांची, यार्ड क्लायंटचं. सात वर्षांपूर्वी सूर्यकांतला पुण्याहून त्यांनीच आणलं होतं आणि त्याचा व्हिसाही त्यांच्याच हातात होता.

"वसंतराव, बास्केट वर पाठवू नका. दोर खराब आहे."

"अहो, पहिली फेरी गेली असेल एव्हाना. मंगळवारी डिलिव्हरी आहे, सूर्यकांत! किती खराब?"

"तारा तुटल्यात. मी सोळा तारखेला बघितल्या होत्या."

"हे बघा," वसंतराव हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला तो आज सकाळी दिसला. आज दिसला, आज बदलला, खलास. रिपोर्टमध्ये आजची तारीख टाका, क्लायंट उलट शाबासकी देईल. सोळा लिहिलंत तर ते तुम्हाला गेटच्या आत घेणार नाहीत, आणि मग व्हिसा रिन्यू करून मी तुम्हाला ठेवू कुठे? मार्चमध्ये मुग्धाची परीक्षा आहे ना?"

माणूस वाईट नव्हता. कळकळीनेच सांगत होता, आणि सूर्यकांतला ते पटलंही. बास्केट तर थांबतंय, तारखेने कुणाचं काय बिघडणार?

बस यार्डात शिरली तेव्हा बास्केट टाकीच्या माथ्याशी लोंबकळत होतं आणि आत चार हेल्मेटं दिसत होती. सूर्यकांत धावतच क्रेनपाशी गेला. "नीचे लाओ! आहिस्ता, एकदम आहिस्ता!"

बास्केट खाली यायला चारेक मिनिटं लागली असतील. माणसं वर असताना आता दोराला हातही लावता येत नव्हता. त्याला फक्त खाली उभं राहून बघायचं होतं. काल मुग्धा अशीच मान वर करून बसली होती. आयुष्यात कधी देवाला साकडं घातलं नव्हतं, ते त्याने त्या चार मिनिटांत दोनदा घातलं.

बास्केट जमिनीला टेकलं. दार उघडून आधी युसुफ उतरला, मग ते तिघं. "क्या हुआ साहब? यल्ला, जल्दी बोलो, ऊपर काम पड़ा है."

सूर्यकांतने खिशातला कागद सोडला, भाकरीचा तुकडा काढला आणि पाण्याची बाटली घेतली. घरात हे काम बायका करतात, त्याने जन्मात केलं नव्हतं. तरी त्याने चौघांवरून तीनदा तुकडा ओवाळला, पाणी फिरवलं आणि दोन्ही वाळूत टाकलं. पोरं खो खो हसली. साहेबाच्या डोक्यावर परिणाम झाला असं त्यांना वाटलं असणार. युसुफही हसला. "यह क्या किया?"

"हमारे यहाँ घर वापस आने पर करते हैं."

मग सूर्यकांतने खिशातल्या चाकूने वळणावरचा हिरवा रंग खरवडला. खाली चार नव्हे, नऊ तारा तुटलेल्या होत्या. नवव्या तारेपर्यंत पोरांचं हसू पार मावळलं.

युसुफ वाकून बराच वेळ बघत राहिला. रंग त्याच्याच हातचा होता. हात पँटला पुसत तो सरळ झाला आणि त्याने अगदी साध्या आवाजात विचारलं, "साहब, आपको कब से मालूम था?"

आत्ताच दिसलं, एवढंच म्हणायचं होतं. वसंतरावांनी उत्तर तयार करून दिलं होतं आणि ऐकणाऱ्यालाही ते गोड लागलं असतं. पण हाच प्रश्न काल रात्री ताटावर बसून त्याच्या लेकीने विचारला होता, आणि तेव्हा तिला कोण राग आला होता त्या लांबच्या लोकांचा!

"सोलह जनवरी से," सूर्यकांत म्हणाला.

युसुफने ओरडायला हवं होतं. निदान एक शिवी तरी हासडायची होती, सूर्यकांतला बरं वाटलं असतं. युसुफ नुसता बोटांवर दिवस मोजत राहिला. "मैं रोज चढ़ा हूँ," तो म्हणाला. मग वाळूत पडलेल्या तुकड्याकडे त्याने एकवार बघितलं आणि शेडकडे चालू लागला. थोड्या वेळाने तो उरलेले पंच्याऐंशी दोर ओढत बाहेर आणू लागला आणि पोरांना म्हणाला, "सब का रंग निकालो."

सूर्यकांत केबिनमध्ये जाऊन बसला. टेबलावरचा फोन वाजत होता. वसंतरावच असणार. त्याने रिपोर्टचा फॉर्म पुढे ओढला. दोराचा नंबर लिहिला, दोष लिहिला, जागा लिहिली. 'दोष प्रथम केव्हा आढळला' या रकान्याशी पेन थबकलं. मुग्धाची शाळा आठवली, शोभनाने नुकतेच घेतलेले पडदे आठवले. फोन वाजायचा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

बाहेर दोरांवरचा रंग खरवडल्याचा आवाज येत होता. त्याने रकान्यात लिहिलं, सोळा जानेवारी, आणि खाली सही केली. त्या तिमाहीत आधी बघून केलेली त्याची ती पहिलीच सही होती.